बिनशब्दांचं राष्ट्रगीत

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात मिलस्ट्रीट नावाचं एक लहानसं गाव आहे. वस्ती जेमतेम दीड हजार. गावात घोडेस्वारीच्या स्पर्धांसाठी बांधलेली ग्रीन ग्लेन्स नावाची प्रचंड बंदिस्त जागा आहे. 15 मे 1993 च्या रात्री तिथे युरोव्हिजन गीतस्पर्धेची अंतिम फेरी झाली. 25 देशांची 25 गाणी गाऊन झाली आणि गुण मोजायची वेळ आली. त्या काळी प्रत्येक देशाचे परीक्षक आपापल्या देशात बसत आणि गुण फोनवरून कळवत. निवेदिका फिओनुआला स्वीनी एकेक देशाचं नाव पुकारत होत्या आणि पलीकडून स्वच्छ, सरावलेले आवाज येत होते. मग त्यांनी बोस्निया-हर्झगोविनाचं नाव घेतलं. फोनवर नुसती खरखर ऐकू आली. थोडा वेळ गेला आणि त्या खरखरीतून, खोल विहिरीतून यावा तसा एक आवाज वर आला. सारायेवोहून बोलतोय, असं तो सांगत होता.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. अजून एकही गुण सांगून झाला नव्हता, तरी लोक टाळ्या वाजवत राहिले. वेढ्यात अडकलेल्या ज्या शहराच्या फक्त मृतांच्या बातम्या वर्षभर कानावर येत होत्या, त्या शहरातली काही माणसं दिवाबत्ती नसलेल्या रात्री गाणी ऐकून त्यांना गुण देत बसली होती, हे त्या क्षणी सगळ्या युरोपला कळलं.

त्या रात्री बोस्नियाचं जे गाणं गायलं गेलं त्याचं नाव ‘स्वा बोल स्वियेता’, म्हणजे जगातलं सगळं दुःख. गायक होता मुहामेद फाझलागिच, सगळे त्याला फाझला म्हणत. शब्द फाहरुदिन पेचिकोझाचे आणि चाल एदिन देर्विशहालिदोविचची. हे शेवटचं नाव बोस्नियात कुणी उच्चारत नाही. तिथे तो दिनो मर्लिन आहे. या नवजात देशाने आपलं पहिलं राष्ट्रगीत ज्याच्याकडून लिहून घेतलं आणि साडेपाच वर्षांच्या आत बाजूला ठेवलं, तोच हा माणूस.

दिनोचा जन्म 12 सप्टेंबर 1962 चा, सारायेवोतला. त्याची पिढी ज्या सारायेवोत वाढली ते सबंध युगोस्लाव्हियाच्या गाण्याचं एक मोठं घर होतं. त्याच्या जन्माच्याच वर्षी इंडेक्सी हा वाद्यवृंद तिथे उभा राहिला. 1974 मध्ये गोरान ब्रेगोविचचं ‘बियेलो दुग्मे’ आलं आणि स्लोव्हेनियापासून मॅसिडोनियापर्यंतची पोरं त्याच्या रॉकवर नाचू लागली. झ्द्राव्को चोलिच सारायेवोचा, केमाल मोंतेनो सारायेवोचा. शहराची स्वतःची दिस्कोतोन नावाची ध्वनिमुद्रिका कंपनी होती. आणि या सगळ्याच्या खाली, विहिरीला झरा असावा तशी, सेवदालिंका होती. तुर्की अमलाच्या शतकांत बोस्नियाच्या अंगणांत आणि खिडक्यांत रुजलेली ही प्रेमाची आणि झुरण्याची गाणी. ती मुसलमानांनी गायली, सर्बांनी गायली, क्रोएटांनी गायली, स्पेनमधून हाकलले गेलेले जे ज्यू सारायेवोत वसले त्यांनीही गायली. सारायेवोतला कुठलाही पॉप गायक कितीही आधुनिक झाला तरी त्याच्या गळ्यातून कधी ना कधी सेवदालिंकेची हरकत निसटतेच. दिनोचं तर सगळं बळच त्यात आहे. गिटार आणि ड्रम्सच्या मधोमध एखादी ओळ तो अशी लांबवतो की जुन्या मोहल्ल्यातल्या एखाद्या म्हाताऱ्यालाही ती आपलीच वाटावी.

1983 मध्ये त्याने ‘मर्लिन’ नावाचा वाद्यवृंद काढला. पुढे वृंद विस्कटला पण नाव त्याला कायमचं चिकटलं. 1985 ते 1990 या काळात मर्लिनचे पाच अल्बम निघाले. पहिल्याचं नाव होतं ‘कोकुझ्ना व्रेमेना’, खिसा रिकामा असलेले दिवस. युगोस्लाव्हियाचे राष्ट्राध्यक्ष टिटो जाऊन पाच वर्षं झाली होती, दिनाराची किंमत महिन्यागणिक घसरत होती, त्यामुळे ते नाव लोकांना पटकन आपलं वाटलं. 1989 च्या अल्बमचं नाव ‘काहीतरी सुंदर घडायला हवं’ असं होतं. त्याच दशकाच्या अखेरीस सर्बियातली लोकप्रिय गायिका व्हेस्ना झ्मियानाच हिच्याबरोबर त्याने एक युगुलगीत गायलं आणि ते सगळ्या युगोस्लाव्हियात वाजलं. सारायेवोचा मुसलमान घरातला मुलगा आणि बेलग्रेडच्या मैफली गाजवणारी गायिका एका गाण्यात येतात, यात तेव्हा कुणाला काही विशेष वाटलं नाही. पुढच्या गोष्टीसाठी एवढं लक्षात ठेवायला हवं.

1984 च्या फेब्रुवारीत सारायेवोने हिवाळी ऑलिंपिक भरवलं होतं. आठ वर्षांनी, 1992 च्या एप्रिलमध्ये, बोस्निया युगोस्लाव्हियातून वेगळा होताच युद्ध पेटलं, शहराला वेढा पडला आणि त्याच ऑलिंपिकचे डोंगर तोफांनी भरले. ट्रेबेविच डोंगरावरचा बॉबस्लेचा काँक्रीटचा मार्ग बोस्नियन सर्ब फौजेचा मोर्चा झाला. झेत्रा क्रीडागृहालगतच्या मोकळ्या जमिनीत कबरी खणाव्या लागल्या. शहर एका दरीत वसलेलं आहे आणि चहूबाजूंनी डोंगर. वरून खाली पाहणाऱ्याला प्रत्येक रस्ता, प्रत्येक चौक, पाण्याच्या नळासमोरची प्रत्येक रांग स्पष्ट दिसते. हा वेढा 1425 दिवस चालला. शहराने स्वतः केलेल्या मोजणीप्रमाणे त्यात 11,541 माणसं मेली. 2012 साली, वेढा सुरू झाल्याला 20 वर्षं झाली तेव्हा, सारायेवोच्या मुख्य रस्त्यावर तेवढ्याच लाल खुर्च्या रिकाम्या मांडून ठेवल्या होत्या. त्यातल्या 643 खुर्च्या लहान होत्या, मुलांच्या.

ऑगस्ट 1992 मध्ये व्हियेच्नित्सा ही राष्ट्रीय ग्रंथालयाची इमारत जाळली गेली आणि पानांची राख शहरभर उडत राहिली. ज्यांना हे शहर नको होतं त्यांना त्याची आठवणही नको होती. म्हणून त्या काळात सारायेवोत जी नाटकं झाली, ज्या मैफली झाल्या, जी गाणी लिहिली गेली त्यांना करमणूक म्हणणं चुकीचं आहे. विरंगुळा हा शब्दही तोकडा आहे. आम्ही आहोत, आम्ही नागरिक आहोत, आमचं शहर म्हणजे नुसतं निशाण्याचं ठिकाण नाही, हे सांगण्याची ती रीत होती. माझ्या मते दिनो मर्लिनची युद्धकाळातली सगळी कामगिरी याच एका गोष्टीच्या उजेडात वाचायला हवी, तिच्यातलं थोर तेही आणि तिच्यातलं अवघड तेही.

नव्या देशाला एप्रिल 1992 मध्ये युरोपीय देशांनी मान्यता दिली, 22 मे रोजी संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं. निशाण होतं, शिक्का होता, राष्ट्रगीत नव्हतं. ते लिहायचं काम दिनोकडे आलं. नवी चाल बांधण्याऐवजी त्याने ‘स ओने स्त्राने प्लिवे’ हे जुनं लोकगीत घेतलं आणि त्याच्या चालीवर ‘येदना सी येदिना’चे शब्द बसवले. 1992 च्या नोव्हेंबरात ते राष्ट्रगीत झालं. प्लिवा ही मध्य बोस्नियातली नदी. यायत्से गावात ती धबधब्याच्या रूपाने व्ह्रबास नदीत कोसळते. याच यायत्सेत 29 नोव्हेंबर 1943 रोजी टिटोच्या साथीदारांनी नव्या युगोस्लाव्हियाची पायाभरणी केली होती. आणि 1992 च्या ऑक्टोबरअखेर, म्हणजे राष्ट्रगीत मंजूर होण्याच्या जेमतेम काही आठवडे आधी, यायत्से सर्ब फौजेच्या हाती पडलं आणि हजारो माणसं रस्त्याने पायी निघाली. ज्या नदीकाठचं गाव नुकतंच गमावलं तिच्याच नावाच्या गाण्याची चाल देशाच्या छातीवर आली. दिनोने ती चाल निवडली तेव्हा गाव पडलं होतं की नाही, याला फारसं महत्त्व नाही. ऐकणाऱ्यांना ते ठाऊक होतं.

त्या शब्दांत देशाच्या सीमेवरच्या नद्यांची नावं होती, पूर्वजांच्या भूमीशी निष्ठेची आण होती. कुठल्याही जातीजमातीचं नाव नव्हतं. तरीही ते गीत वेढ्यातल्या राजधानीत, एका लढणाऱ्या सरकारसाठी लिहिलेलं होतं. 1991 च्या जनगणनेत बोस्नियातली सुमारे साडेत्रेचाळीस टक्के माणसं मुसलमान होती, एकतीस टक्के सर्ब, सतरा टक्के क्रोएट. सगळ्यांनी मिळून ते राष्ट्रगीत मंजूर केलं, असं म्हणता येत नाही. त्याची किंमत पुढे चुकवावी लागली.

1993 उजाडलं आणि बोस्नियाच्या दूरदर्शनने ठरवलं की आपण युरोव्हिजनला जायचं. वेढ्यातल्या शहरात राष्ट्रीय निवड झाली. बहुतेक घरांत वीज नव्हती, त्यामुळे आपल्या देशाचं गाणं निवडलं जाताना ते पाहणं बहुतेकांच्या नशिबी नव्हतं. निवडलेल्या गाण्यातला माणूस निघून जात नाही, दुःखाला तोंड देत जागच्या जागी उभा राहतो. ते गाणं ऐकताना प्रथम जाणवतो तो त्याचा संयम. ना रणदुंदुभी, ना शत्रूचं नाव. दिनोची चाल खालच्या सुरात सुरू होते आणि ध्रुवपदात एकदम उघडते, आणि त्या उघडण्यात सेवदालिंकेचा जुना कंप ऐकू येतो. त्याच्या सगळ्या चालींत मला ही सर्वांत जास्त काबूत असलेली वाटते. रागाच्या भरात लिहिलं असतं तर ते गाणं त्याच वर्षी मेलं असतं.

पण गाणं निवडणं सोपं होतं, गायकाला बाहेर काढणं कठीण होतं. शहरातून बाहेर पडायची एकच वाट होती, विमानतळाची धावपट्टी. 1992 च्या जूनमध्ये झालेल्या करारानुसार विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या ताब्यात आला, पण फक्त मदतसामग्रीसाठी. धावपट्टीच्या एका अंगाला शहराचा दोब्रिन्या भाग, दुसऱ्या अंगाला बुतमिर गाव आणि तिथून पुढे इगमान डोंगराची मोकळी वाट. दोन्ही टोकांना सर्ब फौजेचे मोर्चे. करार पाळायचा म्हणून शांतिसैनिक रात्री धावपट्टी ओलांडणाऱ्या लोकांना अडवत, गाड्यांचे दिवे टाकून शोधत आणि परत शहराच्या बाजूला नेऊन सोडत. त्या दिव्यांच्या झोतात धावणारा माणूस दूरच्या नेमबाजालाही दिसे. तिथे अनेक माणसं मेली.

शांतिसेनेच्या गाडीत बसूनही माणूस सुरक्षित नसे. 8 जानेवारी 1993 रोजी बोस्नियाचे उपपंतप्रधान हाकिया तुरायलिच विमानतळावरून फ्रेंच शांतिसैनिकांच्या चिलखती गाडीतून शहरात परतत होते. सर्ब सैनिकांनी गाडी अडवली, दार उघडलं गेलं आणि तुरायलिच यांना आतच गोळ्या घातल्या. या शांतिसेनेचे पहिले सेनापती भारताचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी, 1971 च्या युद्धातले वीरचक्र विजेते. राखायला शांतताच नाही अशा जागी शांतिसेना चालवण्याचं काम त्यांच्या वाट्याला आलं. एक वर्षाची मुदत संपल्यावर, 1993 च्या मार्चच्या सुरुवातीला, ते मुदतवाढ न घेता परतले.

अशा धावपट्टीवरून फाझला आणि त्याचे सोबती रात्रीच्या अंधारात धावत निघाले. वर गोळ्या, पायाखाली डांबर आणि लपायला झुडुपाचाही आडोसा नाही. ते पार झाले, इगमान चढले आणि बाहेरच्या जगात पोहोचले. वाद्यवृंदाचा संचालक मात्र बाहेर पडू शकला नाही. दोब्रिन्या आणि बुतमिर जोडणारा सुमारे 800 मीटरचा भुयारी मार्ग त्या काळात फावड्याकुदळींनी खणला जात होता, पण तो पुरा व्हायला 30 जून उजाडला. गाण्याला तेवढी उसंत नव्हती.

बाहेर पडूनही थेट आयर्लंड नव्हतं. साम्यवादी राजवटी कोसळल्यावर युरोव्हिजनच्या दाराशी नव्या देशांची गर्दी झाली होती, म्हणून 3 एप्रिल 1993 रोजी स्लोव्हेनियाची राजधानी लुब्ल्याना इथे सात देशांची चाळणी फेरी ठेवली. जागा तीन. स्लोव्हेनियाला 54 गुण, बोस्नियाला 52, क्रोएशियाला 51, स्लोव्हाकियाला 50. हंगेरी, रोमानिया आणि एस्टोनिया त्यांच्या मागे. अजून तीन गुण कमी पडले असते तर धावपट्टीवरची ती धाव लुब्ल्यानातच संपली असती.

मिलस्ट्रीटला वाद्यवृंद आयर्लंडचा होता आणि बोस्नियाच्या गाण्यासाठी छडी हाती घेतली नोएल केलेहान या आयरिश संचालकाने. त्याच रात्री केलेहान यांनी आपल्या देशाचं गाणंही संचालित केलं आणि नीव्ह कॅव्हनाच्या आवाजातलं ते गाणं पहिलं आलं. ज्या माणसाला स्वतःच्या देशाच्या विजयाची चिंता असायला हवी होती, त्याने एका वेढलेल्या शहराचं गाणंही तितक्याच निगुतीने वाजवून घेतलं. संगीतातल्या बंधुभावाचं याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही. ‘स्वा बोल स्वियेता’ला 27 गुण मिळाले आणि ते 16 वं आलं. गुण थोडेच, पण दिनोची चाल त्या रात्री युरोपभरच्या घरांत पोहोचली. वर्षभर आधी याच स्पर्धेत युगोस्लाव्हियाच्या नावाने गाणं गायलं गेलं होतं. आता सर्बिया आणि माँटेनेग्रो मिळून उरलेला युगोस्लाव्हिया संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे बाहेर होता आणि बोस्निया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने आत होते.

आता अवघड भागाकडे वळायला हवं. युद्धात दिनोने आणखीही गाणी लिहिली. त्यातलं एक राष्ट्राध्यक्ष आलिया इझेत्बेगोविच यांच्या नावाचं, त्यांच्या स्तुतीचं होतं. वेढ्यातल्या लोकांना त्याने धीर दिला, यात शंका नाही. पण कुठल्याही पुढाऱ्याचं नाव गाण्यात आलं की ते गाणं त्या पुढाऱ्याच्या बाजूचं होतं, आणि बोस्नियात बाजू म्हणजे धर्मही होता. सारायेवोच्या बचावात सर्ब आणि क्रोएट नागरिकही होते, त्यांच्याही घरांवर गोळे पडत होते. ‘स्वा बोल स्वियेता’ त्यांचंही होतं. पुढाऱ्याच्या नावाचं गाणं तितकंसं त्यांचं नव्हतं. गोळ्यांखाली बसलेल्या माणसाकडून न्यायाधीशाच्या समतोलाची अपेक्षा करणं मला क्रूर वाटतं. तरी दोन गाण्यांतला हा फरक आहे आणि तो दिनोच्या पुढच्या वीस वर्षांवर सावली धरून राहिला.

21 नोव्हेंबर 1995 रोजी अमेरिकेतल्या डेटन इथे शांततेचा मसुदा ठरला. युद्धात सुमारे एक लाख माणसं मेली होती. देश एकच राहिला पण त्याचे दोन भाग झाले, 51 टक्के भूमी बोस्नियाक, म्हणजे बोस्नियाचे मुसलमान, आणि क्रोएट यांच्या संघराज्याला, 49 टक्के सर्ब प्रजासत्ताकाला. वर तीन अध्यक्षांचं मंडळ आणि त्याच्याही वर एक परदेशी उच्चाधिकारी. या देशाला आता तिन्ही समाजांना चालेल असं निशाण हवं होतं आणि तसंच राष्ट्रगीतही. सर्ब आणि क्रोएट पुढाऱ्यांनी ‘येदना सी येदिना’ नाकारलं, ते आमचं नाही म्हणाले. तिघांचं एकमत होईना. शेवटी उच्चाधिकारी कार्लोस वेस्तेनदोर्प यांनी 1998 च्या फेब्रुवारीत निशाण ठरवून दिलं, निळ्यावर पिवळा त्रिकोण आणि पांढरे तारे. त्याच महिन्यात दिनोचं राष्ट्रगीत गेलं. त्याच्या जागी बान्या लुकाचे सर्ब संगीतकार दुशान शेस्तिच यांची ‘इंतेर्मेत्सो’ ही धून आली आणि 1999 मध्ये तिचा कायदा झाला. धून सुंदर आहे. तिला शब्द नव्हते, कारण शब्दांवर तिघे सहमत होणार नव्हते. 2009 मध्ये एका समितीने शब्द निवडलेही. संसदेने ते मंजूर केले नाहीत. त्यामुळे बोस्नियाचे खेळाडू सामन्याआधी रांगेत उभे राहतात तेव्हा धून वाजते आणि त्यांचे ओठ मिटलेले असतात.

आपले शब्द देशाने परत केले तर कवीने काय करावं? दिनोने तक्रारीचं आयुष्य पत्करलं नाही, हे मला त्याच्याविषयी सर्वांत मोलाचं वाटतं. तो पुन्हा गाण्यांकडे, प्रेमाकडे, शहरातल्या माणसांकडे वळला. क्रोएशियाच्या इव्हाना बान्फिचबरोबर त्याने ‘गोदिनामा’ गायलं आणि ते झाग्रेबमध्ये वाजलं. 1999 मध्ये तो स्वतः युरोव्हिजनला गेला, जेरुसलेमला. खरं तर राष्ट्रीय निवडीत हारी माता हारी या वाद्यवृंदाचं गाणं पहिलं आलं होतं, पण त्याची चाल आधी फिनलंडमध्ये प्रसिद्ध झालेली निघाली आणि ते बाद झालं. दुसऱ्या क्रमांकाच्या दिनोला संधी मिळाली. रेयुनियों बेटावरच्या बेआत्रीस पूलो या गायिकेबरोबर त्याने ‘पुत्नित्सी’ म्हणजे प्रवासी हे गाणं गायलं, 86 गुण, सातवा क्रमांक. त्या दिवसांत शेजारी कोसोव्होचं युद्ध सुरू होतं. स्पर्धेच्या शेवटी सगळे स्पर्धक रंगमंचावर एकत्र आले आणि बाल्कनमधल्या युद्धबळींच्या स्मरणार्थ गायले. सहा वर्षांपूर्वी ज्या देशासाठी टाळ्या वाजल्या होत्या त्या देशाचा माणूस आता दुसऱ्यांच्या दुःखासाठी गात होता.

2004 चा ‘बुरेक’ हा अल्बम तर दुभंगलेल्या प्रदेशाने एकत्र बसून ऐकला. त्यातलं ‘सुपरमेन’ हे गाणं दिनोने सर्बियाच्या झेल्को योक्सिमोविचबरोबर गायलं. त्या उन्हाळ्यात कोशेवो स्टेडियम, जिथे 1984 चं ऑलिंपिक उघडलं होतं आणि ज्याच्या आजूबाजूला आता कबरींच्या पांढऱ्या रांगा आहेत, दिनोच्या मैफलीला खचाखच भरलं. दोन वर्षांनी याच योक्सिमोविचने बोस्नियासाठी ‘लेयला’ला चाल दिली, आणि त्याचे शब्द लिहिणाऱ्या दोघांत एक होता पेचिकोझा, तोच ‘स्वा बोल स्वियेता’वाला. हारी माता हारीने ते 2006 मध्ये अथेन्सला गायलं आणि ते तिसरं आलं. बोस्नियाला युरोव्हिजनमध्ये मिळालेलं ते आजवरचं सर्वांत मोठं यश आहे. सर्ब संगीतकाराची चाल, सारायेवोच्या वेढ्यातल्या कवीचे शब्द. डेटनच्या नकाशावर ज्या रेषा आखल्या गेल्या त्या गाण्यांनी इतक्या सहज ओलांडल्या याचं मला अजून अप्रूप वाटतं.

सगळंच मात्र सुरळीत झालं नाही. 2011 मध्ये दिनो ‘लव्ह इन रिवाइंड’ घेऊन ड्युसेलडॉर्फला गेला आणि 125 गुण मिळवून सहावा आला. त्याच वर्षी बेलग्रेडच्या अरेनात त्याची मैफल ठरली तेव्हा तिथल्या कडव्या राष्ट्रवादी गटांनी इझेत्बेगोविचच्या नावाच्या त्या जुन्या गाण्याचा हिशेब काढला आणि मैफल बंद पाडायची मागणी केली. युद्धकाळातलं जुनं गाणं. ते लिहिलं गेलं तेव्हा लिहिणाऱ्याच्या शहरावर कुठून गोळे पडत होते, याचा उल्लेख त्या मागणीत करण्याची गरज कुणाला वाटली नाही. मैफल झाली आणि बेलग्रेडच्या हजारो लोकांनी दिनोची गाणी त्याच्याबरोबर पाठ म्हटली. ती गाणी त्यांच्या तारुण्याचीही होती. युद्धाने त्यांच्यापासूनही काहीतरी हिरावलं होतं आणि ते परत मिळवायला ते तिकीट काढून आले होते.

दिनो मर्लिनला राष्ट्रकवी म्हणायची घाई बोस्नियात पुष्कळांना आहे. मला ती पटत नाही. राष्ट्रगीत लिहिणं हे त्याचं सर्वांत मोठं काम नव्हे. त्याने खालच्या सुरात बांधलेली, शत्रूचं नाव न घेणारी ती 1993 ची चाल आणि नंतर झाग्रेबला, बेलग्रेडला, लुब्ल्यानाला पुन्हा आपलंसं वाटलेलं त्याचं प्रेमगीत, हे मोठं काम. राज्य ज्या तिघांना एका ओळीवर आणू शकलं नाही, त्यांना त्याने निदान एका ध्रुवपदावर आणलं.

मिलस्ट्रीटच्या त्या अंतिम फेरीचं चित्रीकरण आज सहज मिळतं. बोस्नियाचं गाणं ऐकावं आणि तिथेच न थांबता गुणांच्या फोनपर्यंत यावं, एवढी वाचकाला विनंती आहे. गोळ्यांखाली धावत जाऊन या स्पर्धेत उतरलेला तो देश 2016 साली शेवटचा स्टॉकहोमला दिसला. त्यानंतर आजवर तो युरोव्हिजनमध्ये उतरलेला नाही. सरकारी दूरदर्शनकडे पैसे नाहीत आणि युरोपीय प्रसारण संघाची थकबाकी भरायची राहिली आहे.